मांजर नव्हतं, मी होते

चिरंजीव मुंगळा यास,

आत्याचे भरघोस आशीर्वाद. (वर्तमानपत्रात तुझा फोटो छापून आला, तू आता दाढी राखतोस आणि लोक तुला अहोजाहो करतात, हे सगळं मान्य. पण लहानपणी जो माणसाच्या पायाला चिकटला की ओढूनही सुटत नसे, तो माझ्या लेखी मुंगळाच. हे पत्र वाचून झाल्यावर ती दाढीही तुला वाचवणार नाही.) तुझी प्रकृती बरी असेल, जेवणखाण वेळेवर होत असेल आणि पाठ दुखायची थांबली असेल असं गृहीत धरते. थांबली नसेल तर खुर्ची बदल. आमच्याकडे सर्व कुशल. तुझे आतोबा मजेत आहेत, डाव्या बरगडीवरचा निळा डाग सोडला तर. माझे गुडघे बरे, डोळे ठणठणीत, झोप चांगली. उजव्या हाताचा अंगठा मात्र संपावर गेला आहे, त्याचं पुढे येईलच. पत्रास कारण एक मांजर आहे.

तुला आठवत असेल, सहा महिन्यांपूर्वी एका रविवारी तू फोन केला होतास आणि आधी दोन मिनिटं नुसता हसत होतास. मग सांगितलंस की तुमचा गेम बाहेर काढण्याआधी तुम्ही साठ अनोळखी माणसांना घरी खेळायला दिला होता. नावं नाहीत, नुसते क्रमांक, आणि कोण कुठे किती वेळा पडलं याची नोंद आपोआप तुमच्याकडे जमा होत होती. त्यात क्रमांक सतरा नावाच्या कोणी एकाने चौथ्या मजल्यावरच्या फळीवरून नऊ दिवसांत दोनशे बारा वेळा खाली पडून दाखवलं. बाकीचे सरासरी अकरा वेळा पडले. तुमच्या ऑफिसात म्हणे हसून हसून पुरेवाट झाली, कोणीतरी तो आलेख छापून चहाच्या यंत्राशेजारी लावला आणि त्यावर मांजराचं चित्र चिकटवलं, कारण कंट्रोलरवर मांजर झोपल्याशिवाय असं होणं शक्य नाही यावर तुम्हा सगळ्यांचं एकमत झालं होतं. मग तुम्ही ती नोंद बिघडलेली म्हणून काढून टाकलीत. मी फोनवर तुझ्याबरोबर खळखळून हसले आणि काय बाई एकेक असंही म्हणाले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले गार पाणी प्यायले. मुंगळ्या, मांजर नव्हतं. मी होते.

आता तू विचारशील की तू तिथे कशी पोचलीस. सरळ मार्गाने पोचले. तुमच्या कंपनीने खेळून बघणारे हवेत अशी जाहिरात दिली होती, मी अर्ज भरला. वयाच्या रकान्यात निवड करायची होती. पंधरा ते वीस, वीस ते पंचवीस, अशा पाच-पाच वर्षांच्या नेटक्या पायऱ्या, आणि शेवटी ‘पंचेचाळीस व पुढे’. म्हणजे पंचेचाळीस झाले की पुढे माणसाचं काही बदलत नाही असं तुमच्या ऑफिसचं मत दिसतं. (मी त्रेसष्ट वर्षांची आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत असे.) तुला मुद्दाम सांगितलं नाही. बेत असा होता की गुपचूप शेवटपर्यंत पोचायचं आणि मग तुला फोन करून म्हणायचं, बघ. कंट्रोलर आणायला दुकानात गेले तर विक्रेत्याने विचारलं, नातवासाठी का. मी म्हटलं हो. केवढा आहे, तर म्हटलं त्रेसष्टचा. त्याने कंट्रोलर फार काळजीपूर्वक कागदात गुंडाळून दिला.

आधी अक्षरांचं सांगते, कारण तो माझा धंदा. चौतीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत लोकांचे डोळे तपासले आहेत, आणि तुझ्या गेममधल्या सूचना करड्यावर राखाडी अक्षरांत येतात. हे ज्याने ठरवलं त्याला माझ्याकडे पाठव, मी त्याला तपासते. मी स्क्रीनला फूटपट्टी लावली, सोफ्यापर्यंतचं अंतर मोजलं, कागदावर आकडेमोड केली. तुझी अक्षरं आमच्या तक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या ओळीएवढी निघाली. ती ओळ मी गिऱ्हाइकाला लख्ख उजेडात, शांत खोलीत, खुर्चीत नीट बसवून वाचायला लावत असे. वारा सुटलाय, खाली दरी आहे आणि पायाखाली फळी हलते आहे अशा अवस्थेत मी कोणालाही काही वाचायला सांगितलेलं नाही. माझे डोळे चांगले आहेत म्हणून मी वाचलं. बाकीच्या पंचेचाळीस व पुढेंनी काय केलं असेल देव जाणे.

आता फळी. दोन इमारतींच्या मध्ये टाकलेली ती फळी ओलांडताना डाव्या अंगठ्याने कंट्रोलरवरची दांडी पुढे धरायची आणि अर्ध्यावर वारा आला की उजव्या हाताची दोन बटणं एकदम दाबायची, एक अंगठ्याने आणि एक तर्जनीने. एकदम म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत. माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ झिजलेलं आहे. चौतीस वर्षं चष्म्याच्या दांड्यांचे स्क्रू फिरवून ते झिजलं, लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसावा म्हणून झिजलं, आणि डॉक्टरांनी आता त्याला पट्टा दिला आहे. मेंदू सांगतो दाब, तर्जनी दाबते, आणि अंगठा आधी विचार करतो. तेवढ्यात माणूस खाली. कुठे काय करायचं हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, हे लक्षात घे. वारा कोणत्या बाजूने येतो, तो येण्याआधी दोरीवरचा कपडा कसा फडफडतो, फळीची कोणती फट टाळायची, सगळं मला पाठ होतं. मी अडाणी नव्हते, घाबरटही नव्हते. माझा अंगठा पापणीपेक्षा हळू होता, एवढाच माझा गुन्हा.

आणि त्या गुन्ह्याबद्दल तुम्ही काय केलंत ते मला गेम बाजारात आल्यावर समजलं. क्रमांक सतरा काढून टाकल्यावर तुमची सरासरी सुधारली. सरासरी सुधारल्यावर तुम्हाला वाटलं, फळी फारच सोपी झाली की काय. म्हणून तुम्ही ती आणखी अरुंद केलीत. तुझ्याच तोंडून ऐकलं मी हे, फोनवर, तू किती बारकाईने काम करतोस ते सांगताना. म्हणजे मी दोनशे बारा वेळा खाली पडून तुम्हाला जे सांगत होते, ते तुम्ही मांजराच्या नावावर खपवलंत आणि वर फळी तासून घेतलीत. गेम तयार होऊन आल्यावर पहिली प्रत तू मला पाठवलीस, तीही चिठ्ठी लावून: आत्या, हा खेळू नकोस, फार अवघड आहे, कपाटात शोभेला ठेव. मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. रोज दुपारी खेळायला बसण्याआधी एकदा वाचते, त्याने हाताला बळ येतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेलं असतं मी. पण मग तुझी ती मुलाखत आली. तुझ्या गेममधला तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, ज्याला बंद पडलेल्या लिफ्टसाठी जिने, पाइप, सज्जे धरत चोविसाव्या मजल्यावरच्या मोटारीच्या खोलीत पोचायचं असतं, तो म्हणजे तुझे बाबा, माझा दादा, हे मी पहिल्या मिनिटालाच ओळखलं होतं. त्याची चालायची ढब दादाची आहे, डावा खांदा जरा खाली. पण वरच्या खोलीत काय आहे हे मला माहीत नव्हतं. ते मला मुलाखतीतून कळलं, इतर सगळ्या जगाबरोबर. वर दादाची खोली आहे. त्याचं स्टूल आहे, हुकाला टांगलेला त्याचा डबा आहे, आणि दादा स्वतः आहे. आणि पुढे तू म्हणालास की तिथे पोचायला कोणालाही सवलत मिळणार नाही, कारण कष्ट न करता वर आलेल्याला त्या खोलीची किंमत कळणार नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मुंगळ्या, मी त्याची बहीण आहे. एकसष्ट वर्षं मी त्याला ओळखलं, तू अडतीस. तो गेला त्याला दोन वर्षं झाली आणि अजूनही काही मोडलं की मी आधी त्याचा नंबर शोधते. मला त्या खोलीची किंमत कळण्यासाठी तुझ्या फळीवरून जावं लागेल? मला फार वाईट वाटलं. राग आला हे खरं, पण आधी वाईट वाटलं.

त्यानंतर आठवड्याभराने वहिनीचा फोन आला, तुझ्या आईचा. ती सांगत होती की तू घरी गेलास, लॅपटॉप उघडलास, कसलीशी दोन बटणं दाबलीस आणि ती एकदम वरच्या खोलीत. म्हणाली मला इतकं रडू आलं, तो तर तिथे अगदी... आणि पुढचं ऐकायच्या आत मी फोन ठेवला. कट केला चक्क. नंतर रेंज गेली म्हणून खोटं सांगितलं. तर मुद्दा असा की तुझ्याकडे थेट वर जायचं बटण आहे, ते तू आईसाठी दाबलंस, ती एकही जिना चढली नाही, आणि तिला किंमत कळायची राहिली नाही. उलट तिचे दोन रुमाल भिजले. आईला लिफ्ट आणि आत्याला जिना, असा हा तुझा तत्त्वाचा प्रश्न आहे. (वहिनीला याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. तिने चढावं असं माझं मुळीच म्हणणं नाही, तिला गुडघ्यांचा त्रास आहे आणि तिला खेळायचंही नव्हतं.)

लगेच खूश होऊ नकोस. मला ते बटण नको आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या नव्या मुलीने मला शेवटच्या खोलीची चित्रफीत शोधून पाठवली, तीही मी न बघता पुसून टाकली. आमच्याकडे एक गिऱ्हाईक यायचं, ट्रकचा ड्रायव्हर, त्याला चष्मा लागला तर नोकरी जाईल अशी भीती. तो बाहेर बाकावर बसून आत डोकावत तक्ता पाठ करायचा आणि मग खुर्चीत बसून शेवटची ओळ घडाघडा म्हणायचा. मी तक्ता उलटा केला तरी तीच ओळ म्हणाला. मी त्याला सांगितलं, बाबा रे, तुला ओळ येते, पण दिसत नाही. ती चित्रफीत बघितली असती तर माझंही तेच झालं असतं. मला दादाच्या खोलीत काय आहे ते ऐकायचं नाही, मला तिथे जायचं आहे. स्वतःच्या पायांनी, म्हणजे अंगठ्यांनी.

आणि तुझ्या त्या भागीदाराने सुचवलेला तोडगा तर मुळीच नको. मुलाखतीत तू हसत सांगितलंस की तो म्हणतो, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ‘पर्यटक’ नावाचा एक प्रकार ठेवू, वारा बंद, दरी बंद, फळीला कठडे, नुसतं फिरत वर जा. तू नाही म्हणालास ते बरं केलंस. (या एका बाबतीत आपण एकत्र आहोत, याची नोंद घे आणि ती खोडू नकोस.) मी पर्यटक नाही. वारा राहू दे, दरी राहू दे, खाली बघायची भीती राहू दे, ती तर तुझ्या गेममधला सगळ्यात चांगला भाग आहे. दीड महिना मी त्या फळीशी झगडले ते काय ती सपाट करून मिळावी म्हणून? पण अवघड करायचं म्हणजे नक्की काय अवघड करायचं, हे तुम्ही कधी बसून ठरवलंय का? वाऱ्याचा अंदाज घेणं अवघड असू दे. धीर धरणं अवघड असू दे. झिजलेल्या अंगठ्याने दोन बटणं एकदम दाबणं हेही त्यातच कशाला कोंबलंत?

माझ्या मागच्या खोलीत कोणी शेवटची ओळ वाचू शकलं नाही तर मी त्याला नापास करून घरी पाठवत नसे. आणि तक्ताही मोठा करत नसे, कारण रस्त्यावरची पाटी त्याच्यासाठी मोठी होणार नसते. मी त्याच्या नाकावर ती जड, गोल चौकट ठेवायची, एक काच घालायची, दुसरी घालायची आणि विचारायची: हे बरं की ते बरं? एका वेळी एकच काच. पाव नंबर इकडे, पाव नंबर तिकडे. डावा डोळा वेगळा, उजवा वेगळा, कारण दोन डोळे एकाच माणसाचे असले तरी सारखे नसतात. आणि उत्तर तो देणार, मी नाही. तुझ्या गेममध्ये मला एवढंच हवं आहे. दोन बटणं एकदम दाबायला पापणीऐवजी दोन पापण्यांचा वेळ, हवा त्याने घ्यावा. किंवा दोनऐवजी एकच बटण दाबून धरायचं. अक्षरं मोठी आणि काळ्यावर पांढरी. पडल्यावर चार मजले खाली जाण्याऐवजी एक मजला. प्रत्येक गोष्टीला वेगळी खुंटी, तंबोऱ्याला असते तशी, ज्याने त्याने हवी तेवढी पिळायची, आणि कोणत्याही खुंटीला ‘सोपा’ असं नाव देऊ नकोस, नाहीतर माझ्यासारख्या हट्टी बायका तिला हातही लावणार नाहीत. चष्मा लावून शेवटची ओळ वाचणाऱ्याने ती वाचली नाही असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुझे ते पट्टीचे खेळाडू, जे तुला पत्रं लिहून धमकावतात की काही सोपं केलंस तर बघ, त्यांना सांग की दुसऱ्याच्या नाकावर चष्मा आला म्हणून त्यांचे डोळे अधू होत नाहीत.

तोवर आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. फळी आम्ही ओलांडली. आम्ही म्हणजे मी आणि तुझे आतोबा, दोघांनी मिळून एक माणूस. तुला माहीतच आहे, यांनी चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, त्यामुळे मी खेळत असताना शेजारी बसून उजव्या पायाने गालिच्यावर ब्रेक दाबायची यांना सवय. एकदा मी वैतागून म्हटलं, नुसता पाय काय आपटता, तुमच्या गाडीत जसे दोघांना वेगवेगळे ब्रेक होते तसं काही करा. तर खरंच केलं. कंट्रोलरचं डावं टोक माझ्या हातात, उजवं यांच्या. चालवायचं मी, दाबायचं यांनी. अडचण एवढीच की चाळीस वर्षं शिकाऊ माणसांनी वाजवलेले हॉर्न ऐकून यांचे कान गेले आहेत, त्यामुळे मी ‘आता!’ म्हटलेलं यांना पुढच्या वाक्याला ऐकू येतं. तेव्हा असं ठरलं की वारा आला की मी कोपराने यांच्या बरगडीत ढोसायचं. आठव्या दिवशी आम्ही पलीकडे पोचलो. मी रडले, हे टाळ्या वाजवायला गेले आणि कंट्रोलर चहात पडला. (आता बरा आहे.) पुढच्या आठवड्यात आम्ही यांचा रक्तदाब तपासायला गेलो असता डॉक्टरांनी यांच्या बरगडीवरचे डाग बघितले, मला बाहेर बसायला सांगितलं आणि यांना हळू आवाजात विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. हे नीट ऐकू न आल्याने नुसते मान हलवत राहिले. त्या दवाखान्यात आता माझ्याकडे सगळे वेगळ्या नजरेने बघतात, आणि त्याला जबाबदार तू आहेस.

आज आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर आहोत. बाराव्यावर तारेची करकर ऐकून पाऊल टाकायचं होतं, ते ऐकायचं काम माझं. सोळाव्यावर पाच गोष्टींवर एकदम नजर ठेवायची होती, ते यांनी केलं, आरशात बघत बघत शिकाऊंना सांभाळलेला माणूस आहे. पण एकोणिसाव्यावर एक शिडी आहे, तिथे दोन्ही हातांची बटणं आलटून पालटून इतक्या वेगाने दाबायची आहेत की आमचे दोन मेंदू, एक कोपर आणि तीन चांगले अंगठे मिळूनही पुरे पडत नाहीत. पडलो की पंधराव्यावर. अठरा दिवस आम्ही तिथे आहोत. माझ्या अंगठ्याकडे बघून डॉक्टर म्हणाले की हे असंच चाललं तर वर्षअखेरीस या हाताने पेनही धरता येणार नाही. म्हणून हे पत्र आत्ताच हाताने लिहून घेतलं.

आणि म्हणूनच तुला एक गोष्ट सांगते, जी तुला माहीत नाही, कारण दादा असलं काही घरी बोलत नसे. मला माहीत आहे, कारण ती बाई माझ्याकडे चष्म्याला यायची. शिवणकाम करायची, चाकाच्या खुर्चीत असायची, आणि दादाकडे देखभालीला असलेल्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहायची. लिफ्टमधली बटणं एकावर एक, आणि तिचा हात पाचव्यापर्यंतच पोचायचा. म्हणून ती पाचवं बटण दाबायची, पाचव्यावर उतरायची आणि कोणीतरी येऊन नववं दाबून देईल याची वाट बघत बसायची. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. सोसायटीला अर्ज केला तर उत्तर आलं की बाकी कोणाची तक्रार नाही. दादाला हे कळलं तेव्हा त्याने एका सुट्टीच्या दिवशी जाऊन बटणांची सगळी पाटी उखडली आणि दीड हात खाली बसवली. परवानगी घेतली नाही. वरून त्याला नोटीस आली, ती त्याने डब्याखाली घडी करून ठेवली. आणि मुंगळ्या, त्या इमारतीतल्या एकाही उंच माणसाने कधी म्हटलं नाही की बटण दाबायला हात वर करावा लागत नाही म्हणून आता नवव्या मजल्याला काही अर्थ उरला नाही.

एकतीस वर्षं त्या माणसाने एवढंच काम केलं, की ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनीही वर पोचावं. आणि त्याची आठवण म्हणून तू चोवीस मजल्यांची इमारत बांधलीस आणि तिच्यात लिफ्ट बंद ठेवलीस. मुलाखतीत म्हटलंस की वर पोचल्यावर तो लिफ्ट सुरू करतो. कोणासाठी रे? बाकीचे सगळे तर खाली पडलेत. तू वाईट नाहीस, तुला तो फार आठवतो आणि म्हणून तू त्याच्याभोवती एवढी उंच भिंत घातलीस, हे मला समजतं. मीही त्याच्या जुन्या पेचकसाला कोणाला हात लावू देत नाही. पण तो माझाही होता.

तेव्हा माझा निर्णय ऐकून घे. खुंट्या दिल्यास तर मी लवकर वर येईन, नाही दिल्यास तर उशिरा, पण येईन. अंगठा गेला तर कोपराने खेळेन, कोपर गेलं तर नाकाने. तुझी आत्या शोभेला कपाटात बसणारी नाही, हे तू लिहून ठेव. मी तर ठेवलंच आहे.

राग आला असेल तर घेऊन ये, इथे चहाबरोबर उतरवू. खुर्ची मात्र बदलच.

तुझी,
नोंद क्रमांक सतरा
(आत्या)

ता. क. चहाच्या यंत्राशेजारचं ते मांजराचं चित्र काढून टाकायचं आणि माझी नोंद परत जिथल्या तिथे लावायची. सरासरी बिघडली तर बिघडू दे. ती माझ्यासकट तुमची सरासरी आहे.

ता. क. पुन्हा. खरं ते सांगितलेलं बरं म्हणून लिहिते. शेजारणीचं मांजर दुपारी आमच्या सोफ्यावर झोपायला येतं आणि त्या नऊ दिवसांत ते चार वेळा कंट्रोलरवर बसलं होतं. तेव्हा दोनशे बारापैकी दोनशे आठ माझ्या आणि चार त्याच्या नावावर घाल. (चौथ्या वेळी ते फळीच्या पलीकडे पोचलं आणि मग तसंच पुढे चालत जाऊन पडलं. हे मी पाहिलं, यांनी पाहिलं, आणि या विषयावर घरात बोलायचं नाही असं आमचं ठरलं आहे.)

ता. क. शेवटचं. वर इतकं सगळं मागितलं आहे, त्यातलं काहीही दिलं नाहीस तरी चालेल, हे एवढं दे. दादा त्या खोलीत बोलतो की नाही ते मला सांगू नकोस. पण बोलत असेल, तर त्याचे शब्द खाली अक्षरांत दाखव, मोठ्या आणि पांढऱ्या. तुझ्या आतोबांना ऐकू येणार नाही, ते मला विचारतील, काय म्हणाला, काय म्हणाला. आणि तेव्हा मला सांगता येणार नाही.